अर्ध्या झोपेतलं बोलणं

नसीम,

येत्या मंगळवारी माझ्या छातीतली गाठ काढायची आहे आणि तू निघून गेलीस. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिते आहे, कारण माझ्या डोक्यात त्या तशाच एकत्र येतात. भेटायला येणारे लोक माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "फार जुनी मैत्री होती तुमची." मी मान हलवते. मनात मात्र तुझ्याशी भांडण चालू असतं. बाई, थोडं थांबायचं होतंस. त्या दिवशी भूल द्यायला माझ्या उशाशी बसायचं तू कबूल केलं होतंस.

गाठ सापडली तेव्हा सगळ्यात आधी तुलाच दाखवली. आयुष्यभर बायकांच्या छातीतल्या गाठी काढत आले, आणि स्वतःची हाताला लागली तर तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपत बसले. तू ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत पडदा ओढलास, तपासलंस आणि म्हणालीस, "सोनोग्राफी कर, सुई घालून तपासून घे, आणि तोवर हे असलं तोंड करून फिरू नको. पेशंट पळून जातील." तपासणीत वाईट काही निघालं नाही. पण वाढते आहे, काढलेली बरी, असं माझ्याच हाताखाली शिकलेल्या सर्जननं मला सांगितलं. मी बायकांना सांगते त्याच सुरात. ऐकताना कळलं, किती कोरडा सूर आहे तो.

मग मी तुला म्हटलं, "मला पूर्ण झोपव. घशात नळी घाल, यंत्रावर टाक, काय वाटेल ते कर. तुझी बडबड मला ऐकायची नाही."

तू हसता हसता खुर्चीतच बसलीस. "तुला? तुला तर मी अर्धीच झोपवणार. इतकी वर्षं मला धड बोलू दिलं नाहीस तू. एकदा माझ्या हाताखाली ये, मग बघ."

मला खरंच बघायचं होतं गं.

वसतिगृहात आपली पहिली भेट झाली तीही भांडणातच. नळाला पाणी नव्हतं, आणि तू माझी भरलेली बादली उचलून चालू लागलीस. मी ओरडले तर शांतपणे विचारलंस, "कुठली तू?" म्हटलं, पैठणची. "मग तुझ्या उशाला एवढं मोठं धरण आहे की. आमच्या सिल्लोडच्या पोरींना एक बादली दे ना." धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तू मला पुढं जन्मभर ऐकवलीस. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना झालं तेव्हाही, जणू जायकवाडीचा दरवाजा माझ्या बापानंच लावून घेतला होता. सुट्टीहून येताना तू सिल्लोडच्या मिरच्यांचा ठेचा आणायचीस आणि मी तो चाटून संपवून वर तिखट आहे म्हणून तुलाच बोलायची.

आपण बायपासकडे ते छोटं हॉस्पिटल घेतलं तेव्हा लोक हसले होते. इतक्या लांब कोण येणार? ऑपरेशन थिएटरच्या खिडकीतून ज्वारी दिसायची. हुरड्याच्या दिवसांत तू तिकडं बघत सिरिंज भरायचीस. मग बघता बघता ज्वारीत चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, बंगले झाले, आता तर समोरच्या इमारतीचे मजले मोजायला मान वाकडी करावी लागते. आपले पेशंट मात्र तसेच राहिले. एसटीनं येणारे, डबा बांधून आणणारे, आणि दारात चपला काढून आत येणारे.

तुझी पद्धत मला आधी पटत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. छोट्या गाठींसाठी ते नवं यंत्र आपण आणलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाडसर सुई आत घालायची आणि गाठ तुकड्या-तुकड्यानं ओढून काढायची. वर कापलेली जागा एवढीशी, की टाकासुद्धा लागत नाही. माझं म्हणणं एकच होतं, पेशंट हलायला नको. म्हणून पूर्ण भूल दे. तुझं म्हणणं, एवढ्याशा कामाला बाईचा श्वास कशाला काढून घ्यायचा? जागा बधिर कर, आणि वर मी दोन औषधं देते. एक गुंगीचं, एक दुखणं मारणारं. एकेकटं दिलं तर जास्त लागतं, जोडीनं दिलं की थोड्यात भागतं. पण जोडीनं दिलं की श्वासही लवकर मंदावतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून तू उशाशी स्टूल ओढून बसायचीस आणि काम संपेपर्यंत उठायची नाहीस. फोन वाजो, मी चिडो, वीज जावो.

आणि बोलत राहायचीस. बाई उत्तर देते आहे म्हणजे ती श्वास घेते आहे, एवढं मला मान्य होतं. गुंगी किती चढली हे ओळखायची तुझी खूण तर मी पुढं कॉन्फरन्समध्येही सांगून लोकांना हसवलं. आपल्या खेड्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रजिस्टरवर लिहिताना विचारलं तर पदर तोंडाला लावतात आणि सासूकडं नाहीतर पोराकडं बघतात. तू टेबलावर झोपवलेल्या बाईला पहिल्यांदा तेच विचारायचीस, "मालकांचं नाव काय गं?" ती लाजून मान फिरवायची. तू औषध सोडायचीस, मेंढरांचं, मक्याचं, लेकीच्या लग्नाचं बोलायचीस आणि मग पुन्हा सहज विचारायचीस. एका क्षणी बाई स्पष्ट आवाजात म्हणायची, "रावसाहेब!" तू मला डोळ्यानं खूण करायचीस, कर सुरू. कधी कधी तर नावाला जोडून दोन शिव्याही यायच्या. तेव्हा तू म्हणायचीस, "जरा जास्त झालं वाटतं," आणि सिरिंजवरचा अंगठा काढायचीस.

आणि तुझं ते गुंगीचं पांढरं औषध. ते नळीतून उतरताना बघून एका म्हातारीनं विचारलं होतं, "दूध हाय का त्ये?" तू म्हणालीस, हो. तर ती म्हणते, "शेळीचं का म्हशीचं? मला म्हशीचं पचत नाय." मी मास्कच्या आत इतकी हसले की हातातली सुई बाजूला ठेवावी लागली. तू मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "शेळीचंच हाय आज्जी, आत्ताच काढलंय." म्हातारी समाधानानं झोपली.

पण आपलं खरं भांडण धुरपदापासून सुरू झालं.

ते दुष्काळाचं साल तुला वेगळं सांगायला नको. आपण टँकरचं पाणी घेऊन, मगानं एकमेकींच्या हातावर ओतून ऑपरेशनला हात धुवायचो. धुरपदा वेरूळच्या पलीकडची, मेंढपाळाच्या घरातली. डोंगरावर चारा उरला नव्हता, तिचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघालं होतं आणि वाटेत एका दिवसासाठी ती आपल्याकडं थांबली होती. सकाळी तू विचारलंस, "उपाशी आलीस ना?"

"व्हय की. उपासच हाय माझा. सोमवार हाय आज."

मी हातमोजे घालायला घेतले. तू थांबलीस. तिच्या तोंडाजवळ वाकलीस आणि विचारलंस, "मग सकाळपासनं तोंडात काय घातलं?"

"काय बी नाय. भगर तेवढी खाल्ली वाडगंभर, अन् शेंगदाण्याची आमटी."

मी कपाळावर हात मारला. भरल्या पोटी गुंगी द्यायची नाही, हे मला काय कळत नव्हतं? पण मी म्हटलं, पुन्हा बोलवू हिला. तिचा चेहरा उतरला. "म्होरल्या येळंला आम्ही कुठं असू, काय सांगावं डॉक्टरीणबाई. आज नाय झालं तर ऱ्हाऊ द्या." तू घड्याळाकडं बघितलंस आणि तिला सांगितलंस, "आता पाणीसुद्धा प्यायचं नाय. दुपार कलली की करू." आणि तिच्यावर विश्वास नाही म्हणून स्वतः तिच्या खाटेशी बसून राहिलीस, आपलं जेवणही तिच्यासमोर केलं नाहीस. मी घरी जाऊन जेवून, डुलकी काढून आले तर तुम्ही दोघी मेंढीच्या खुरांच्या रोगावर बोलत होतात. त्या दिवसापासून तू कुणालाच "उपाशी आहेस का" असं विचारलं नाहीस. थेट "काय खाल्लं" असंच विचारायचीस.

दुपारी ती टेबलावर आली. जागा बधिर केली, तुझी दोन औषधं उतरली, मी काम सुरू केलं. अर्ध्यात ती रडायला लागली. दुखत नव्हतं. ती तुला सांगत होती की गाठ तिला कधीची लागली होती, पण बोलली नाही, कारण आजारी बाईला बिऱ्हाडासोबत नेत नाहीत, माहेरी धाडतात. "मला टाकून जातील का वं?" असं ती तुला पुन्हा पुन्हा विचारत होती. तू तिच्या कपाळावर हात ठेवून प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणानं सांगत होतीस, "नाय गं. बाहेरच बसलेत समदे. तुला घेऊनच जाणार हायेत." आणि ते खरंच बाहेर बसले होते, तू आधी बघून आली होतीस.

काम झालं. ती उठली, इकडं तिकडं बघत म्हणाली, "झालं व्हय? मला तर काय बी कळलं नाय." रडल्याचं नाही, विचारल्याचं नाही, तुझ्या उत्तराचंही नाही. सगळं पुसून गेलं होतं. पदर सावरून ती तिच्या माणसांबरोबर निघाली.

मी तुझ्या हातावर पाणी ओतताना म्हटलं, "एवढं जीव तोडून बोललीस, त्याचा काय उपयोग झाला? तिला काही आठवत नाही."

तू म्हणालीस, "पाणी जपून ओत."

हा प्रश्न मी तुला त्यानंतर किती वेळा विचारला असेन! श्वास चालू आहे का हे बघायला दोन शब्द पुरतात. मग हे एवढं समजावणं, धीर देणं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं कशाला, जर उठल्यावर त्यातलं अक्षरही उरणार नसेल? मी सर्जन आहे, मला निकाल दिसायला हवा. तू दरवेळी टाळायचीस. कधी म्हणायचीस, "तुला नाही कळायचं." कधी चहा मागवायचीस. एकदा ईदला तुझ्या घरी नान-खलिया खाता खाता मी पुन्हा उकरून काढलं, तर तुझ्या नवऱ्यानं, रफिकभाईंनी, हात जोडले, "भाभी, कम से कम आज तो छोडो." तू माझ्या ताटात आणखी एक नान टाकलास आणि म्हणालीस, "कभी फुरसत में बताऊंगी." ती फुरसत काही आली नाही.

आता रफिकभाई ओट्यावर बसलेले असतात. भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. "बोली, जरा लेटती हूं. मैं नमाज पढको आया, आवाज दिया, तो…" तुझ्या हृदयानं भर दुपारी, मशिदीतून ते परत यायच्या आत काम थांबवलं. मी आले तेव्हा घरात बायका जमल्या होत्या, कुणीतरी मला पुढं बसवलं. तुझ्या चेहऱ्यावर कसलीच खूण नव्हती. इतक्या बायकांच्या उशाशी तू बसलीस आणि तुझ्या उशाशी कुणी नव्हतं, हे मला सहन होत नाही, नसीम. कळलं असेल का तुला? हाक मारली असशील का? हे मी रफिकभाईंना विचारू शकत नाही. घरी कुणाशी बोलू शकत नाही. तुला विचारावं तर तू नाहीस.

काल अश्विनी आली होती. तुझी विद्यार्थिनी, आता भूल तीच देणार. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मंगळवारी पूर्ण भूल देऊ, की नसीम मॅडमची पद्धत?" मी म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही. पूर्ण झोपले तर प्रश्नच मिटला, काही कळणार नाही. अर्ध्या झोपेची मला भीती वाटते. दुखण्याची नव्हे. डोळे मिटताना उशाशी तू असशील असं मी इतके दिवस धरून चालले होते, आणि तिथं तू नसणार, याची.

* * *

वरचं रविवारी लिहिलं होतं. आज गुरुवार आहे. गाठ निघाली. छातीवर छोटी पट्टी आहे, हात उचलला की ओढ बसते. मी ठीक आहे.

शेवटी मी अश्विनीला म्हटलं, "तिच्या पद्धतीनं कर." का म्हटलं ते नीटसं सांगता येणार नाही. आपल्याच टेबलावर आडवी झाले तर वरचे दिवे केवढे मोठे दिसतात गं! इतकी वर्षं मी त्यांच्या खाली उभी होते, कधी वर बघितलं नव्हतं. अश्विनीनं स्टूल ओढलं. तिनं मला पैठणचं काहीतरी विचारलं, बहुतेक घाटाचं. पांढरं औषध नळीत आलेलं बघितलं. तिचा हात कपाळावर आला, गार होता.

आणि मग मी रिकव्हरीच्या खाटेवर होते आणि म्हणत होते, "झालं?"

मधलं काहीच नाही. मी फार शोधलं. खाटेवर पडून एकेक कोपरा तपासला, एखादा शब्द, एखादा आवाज तरी सापडेल म्हणून. कोरं. फक्त दोन्ही कानांपाशी केस ओले होते. डोळ्यांतलं पाणी आडवं झोपल्यावर तिकडंच जातं, हे बायकांच्या बाबतीत मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

संध्याकाळी अश्विनी पट्टी बघायला आली तेव्हा मी विचारलं, "मी बोलले का?"

तिनं पट्टीची कड नीट दाबली. मग म्हणाली, "मॅडम, आतलं बाहेर सांगायचं नाही, असं नसीम मॅडमनी शिकवलंय."

"मी बाहेरची आहे का? माझंच आहे ते. सांग."

ती खाटेच्या कडेवर बसली. "तुम्ही मला नसीम म्हणत होतात. एकच विचारत होतात सारखं. 'एकटी होतीस का गं? घाबरलीस का?' मी आधी काहीच बोलले नाही. काय बोलणार? मॅडमच्या जागी मी कशी बोलणार? पण तुम्ही थांबेनात. रडायला लागलात. नाडी पळायला लागली, ऑपरेशन करणारे सर म्हणाले, औषध वाढव. मी नाही वाढवलं." बोलता बोलता तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, 'नाही गं वसू, नाही घाबरले. झोप लागली मला.' चुकलं असेल तर माफ करा, मॅडम. पहिल्यांदाच नावानं हाक मारली तुम्हाला."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, 'असं होय.' आणि शांत झालात. नाडी खाली आली. पुढं सगळं छान झालं."

ती गेली. अश्विनीला काय माहीत, तुला त्या दुपारी काय झालं ते? तिला माहीत नाही, मलाही नाही, कुणालाच नाही. ते उत्तर मला आठवतही नाही आणि कधी आठवणार नाही. जाग आल्यावर तुझ्या जाण्याचं दुःख होतं तेवढंच होतं, तसूभर कमी नव्हतं. मी तुला विचारायची ना, की काय उपयोग? निकाल दाखव म्हणायची. निकाल म्हणून माझ्याकडं दाखवण्यासारखं काहीही नाही.

पण परवा सकाळी, त्या दिव्यांखाली, एक बाई घाबरून रडत होती आणि तिला कुणीतरी उत्तर दिलं. ती "असं होय" म्हणाली आणि शांत झाली. ती बाई मीच होते. मला आठवत नाही म्हणून ती कमी घाबरलेली नव्हती, आणि मला आठवत नाही म्हणून तिचं शांत होणंही खोटं ठरत नाही. तिला त्या वेळी उत्तर हवं होतं, उठल्यावर नव्हे.

एवढंच सांगायचं होतं ना तुला? मग सांगितलं का नाहीस? की सांगून मला पटलं नसतंच, हे तुला पक्कं ठाऊक होतं?

मी हरले, नसीम. आणि कुणाला तरी धावत जाऊन हे सांगावंसं वाटतंय, तर ती तूच आहेस.